सगळ्यांचे डबे रिकामे

मिरजगावापासून थोडं आत गेलं की जे गाव लागतं, तिथं मिशनची शाळा कुठं असं विचारलं तर लोक आधी रस्ता सांगतात आणि मग दयाबाईंच्या प्रार्थनेची थट्टा करतात. बाईंची प्रार्थना म्हणजे मालगाडी, असं पोरं म्हणायची. पुढं इंजिन दिसतं, शेवटचा डबा काही दिसत नाही.

दुपारची घंटा झाली की तिसरीचा वर्ग व्हरांड्यात हात जोडून, डोळे मिटून उभा राहायचा. बाई वर्गाच्या आतून एकेक ओळ सांगायच्या आणि पोरं बाहेरून म्हणायची. अन्नासाठी आभार मानून झाले की बाई पिकांसाठी मागायच्या, गुरांसाठी मागायच्या, ऊसतोडीला गेलेल्यांसाठी, दवाखान्यात पडलेल्यांसाठी. एकदा तर त्यांनी शेजारच्या मारुतीच्या पुजाऱ्याच्या गुडघ्यासाठीही मागितलं होतं. पुजारीबुवांना हे कळलं तेव्हा ते खूश झाले, आणि गुडघा खरंच बरा झाला असं गावभर सांगत सुटले.

प्रार्थना लांबायला कारण होतं. पोरं बाहेर डोळे मिटून उभी असताना बाई आत सगळ्यांचे डबे उघडून एका पितळेच्या परातीत रिते करत असायच्या. परात त्यांच्या लग्नातली. भाकरी एकीकडे, चपात्या एकीकडे, सुक्या भाज्या, शेंगदाण्याची चटणी, कुणाकडचा शिरा, कुणाकडचं लोणचं. आमेन म्हणून पोरं आत यायची तोवर सगळ्यांचे डबे रिकामे. मग बाई परातीतून प्रत्येकाच्या डब्यात थोडं थोडं वाढायच्या आणि वर्ग गोल करून जेवायला बसायचा. कुणी काय आणलं होतं हे कुणालाच सांगता यायचं नाही. सकाळी डबा रिकामाच आला होता की काय, हे तर मुळीच नाही.

ही रीत अश्विनीमुळं सुरू झाली. पण हे अश्विनीला माहीत नाही, आणि दयाबाईंच्या जिवाला जी टोचणी लागली आहे ती तिथलीच.

अश्विनी म्हणजे वीटभट्टीवरच्या लंकाबाईची पोरगी. दयाबाई शाळेत नव्या होत्या तेव्हा ती दिवाळीनंतर तिसरीत आली. फी माफ होती. प्राथमिक शाळेला अनुदान नाही, त्यामुळं सरकारची खिचडी या आवारात कधी शिजलीच नाही. डबा मात्र प्रत्येकानं आणायचा, हा शाळेचा नियम. पोरगी येऊन आठवडाही झाला नसेल, बाई जेवणाच्या सुट्टीत तिच्या मागून चालल्या होत्या. अश्विनी भिंतीकडं तोंड करून बसली होती. डब्याचं झाकण तिनं एका हातानं उभं धरलं होतं आणि दुसरा हात डब्यातून तोंडाकडं जात होता. तोंड चावल्यासारखं हलत होतं. बाईंनी वाकून पाहिलं. डबा घासून पुसून लख्ख होता. पोरगी वारा खात होती.

बाईंना त्या दिवशी स्वतःची भाकरी गिळवेना. तिला जवळ बोलावून जेवू घालावं, हे पहिल्यांदा मनात आलं. पण दयाबाईंचे वडील खेडोपाडी फिरून प्रार्थना शिकवणारे गृहस्थ होते, आणि ते म्हणायचे, देणाऱ्याचा हात दिसला की घेणाऱ्याचा घास कडू होतो. दुसऱ्या दिवशी दयाबाई डोक्यावर परात घेऊन शाळेत आल्या. तेव्हाच्या फादरांनी विचारलं, "काय हो, पीठ मळणार काय वर्गात?" बाई म्हणाल्या, "मळते जरा पोरांना एकत्र."

थोड्या दिवसांनी लंकाबाई शाळेत आली. अंगावर विटांची धूळ आणि ओटीत बोरं.

"बाई, पोरगी म्हनती आज मेथीची भाजी खाल्ली, काल लाडू खाल्ला. डबा तर म्या रिकामाच दिल्ता. तुमी काय करताय ते समजलं मला." तिनं बोरं परातीत ओतली. "ही बी घ्या. पन येक करा, बाई. तिला कळू देऊ नका. मोठी झाली तरी न्हाई. पोटाचं कसंबी भागतं, पन येकदा खाली गेलेली मान लवकर वर येत न्हाई."

"नाही कळणार," दयाबाई म्हणाल्या. शब्द दिला तो दिला.

त्यानंतर किती पोरं त्या परातीत जेवून पुढं गेली. शाळेची पाटी बदलली, मराठीच्या जागी इंग्रजी आली, बाईंची टीचर झाली, पण दयाबाई दयाबाईच राहिल्या. अश्विनीची मान खाली गेली नाही. ती शिकली, फार्मसी केली, नवऱ्याबरोबर गावातच मेडिकलचं दुकान काढलं. लंकाबाई मेली तेव्हा पोरीच्या पक्क्या घरात, पलंगावर मेली. शिक्षकदिनाला अश्विनी बाईंना न चुकता साडी आणते आणि पाया पडते. तिचा ओंकार आता तिसरीत आहे, आणि पालक संघाची अध्यक्षही तीच आहे.

कोरोनात परात बंद पडली. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा ज्याचा त्याचा डबा ज्याच्या त्याच्या बाकावर आला. बाईंनी वाट पाहिली. लोकांची भीती गेली, लग्नात पंगती उठू लागल्या, जत्रा भरू लागल्या, तरी परात काही स्टोअरमधून निघेना. निवृत्ती जवळ आली होती. जायच्या आधी ती सुरू करून जावी, एवढंच बाईंच्या मनात होतं. त्यांनी मुख्याध्यापिका सिस्टरांना विचारलं आणि सिस्टरांनी विषय पालकसभेत ठेवला.

अश्विनी उभी राहिली. "बाई, मी त्याच परातीत जेवून मोठी झाले. माझा जीव आहे तिच्यावर. पण आता काळ वेगळा आहे. इतक्या घरांचं अन्न एका ठिकाणी, कुणाकडं कसलं पाणी, कुणाचे कसले हात. जुलाब-उलट्यांच्या गोळ्या रोज मीच देते ना दुकानात." माना हलल्या. मागून एक गृहस्थ म्हणाले, "आमच्या पोराला आमच्याच घरचं सोसतं." त्यांना पाण्याबद्दल म्हणायचं नव्हतं, हे सगळ्यांना समजलं.

सिस्टर म्हणाल्या, "दया टीचर, तुम्ही सांगा ना. परात कशासाठी हवी?"

बाई उठल्या. सांगायचं तर एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते वाक्य बाहेर पडलं की दुसऱ्या दिवसापासून पोरं एकमेकांचे डबे तपासत बसली असती, आणि पोरांआधी त्यांचे आईबाप. शिवाय ज्या पोरीसाठी शब्द दिला होता ती समोरच उभी होती.

"मुलांना... वाटून खायची सवय लागते," बाई म्हणाल्या.

"ती वाढदिवसाला चॉकलेट वाटूनही लागते, बाई," अश्विनी प्रेमानंच म्हणाली. सभा हसली, आणि परातीचा विषय मिटला.

नंतर ऑफिसात सिस्टरांना बाईंनी खरं कारण सांगितलं. सिस्टर कळवळल्या. लगेच म्हणाल्या, "मला गरीब मुलांची नावं द्या, आपण त्यांना डबा सुरू करू." सिस्टरांचं मन मोठं होतं, पण नावं द्यायची म्हणजे सगळंच मुसळ केरात. बाईंनी नावं दिली नाहीत.

घरी पीटर, म्हणजे बाईंचे यजमान, ओसरीवर कांदे निवडत बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "सांगून टाकायचं हुतं की अश्विनीला, बाजूला घिऊन. लंकाबाई काय वरून बघाया येती व्हय?"

"वरून बघत असेल म्हणूनच तर," बाई म्हणाल्या.

"शब्द पाळलास, ब्येस केलंस. पन उद्या येखादं पोर उपाशी ऱ्हायलं तर?"

बाईंनी त्यातलेच दोन कांदे चिरायला घेतले, आणि डोळ्यांत पाणी यायला आयतं निमित्त मिळालं.

ते पोर जूनमध्येच आलं. सृष्टी नाव. आई पहाटे टेम्पोत बसून कांदा काढायला जाते, बाप कुठं असतो ते कुणी सांगत नाही. शाळा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत बाईंना ते दिसलं: भिंतीकडं तोंड, उभं धरलेलं झाकण, हलणारं तोंड. इतक्या वर्षांत बाईंनी ते पुन्हा पाहिलं नव्हतं, कारण परात होती तोवर तिनं पाहायची वेळच येऊ दिली नव्हती, आणि ती बंद पडल्यावर आलेल्या पोरांच्या डब्यात निदान कोरडी भाकरी तरी असायची.

"ये गं सृष्टी, माझ्याजवळ जेवायला."

"नगं टीचर. माझा हाय की डबा." आणि तिनं झाकण गच्च दाबलं.

बाईंनी आग्रह करून आपल्यातली अर्धी भाकरी तिला दिली. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत वर्गात तिला 'टीचरच्या डब्यातली' असं नाव पडलं. सृष्टी पुढं दोन दिवस शाळेतच आली नाही. आली तेव्हा झाकण आणखी उंच धरून बसली. बाईंना पुन्हा तिच्याजवळ जायचा धीर झाला नाही.

शेवटी त्यांनी अश्विनीला जेवणाच्या सुट्टीत शाळेत बोलावलं. त्यांचा विचार साधा होता. आपण एक अक्षर बोलायचं नाही, म्हणजे शब्दही मोडणार नाही. ती नुसती बघेल. बघितलं की ओळखेल. स्वतःचं कुणी विसरतं का?

दोघी वर्गाच्या दाराशी उभ्या राहिल्या. बाईंनी हळूच सृष्टीकडं बोट केलं. अश्विनी बघत राहिली. झाकण, हात, तोंड.

"किती व्यवस्थित जेवते हो ही," अश्विनी म्हणाली. "एक कण खाली नाही. आमच्या ओंकारला शिकवा, बाई. अर्धं जेवण शर्टावर असतं त्याच्या."

बाई तिच्याकडं बघतच राहिल्या. त्या चेहऱ्यावर लपवलेलं काही नव्हतं. तिला खरंच आठवत नव्हतं, आणि आठवणार तरी कसं? वारा खाल्ला तो चार दोन दिवस, आणि मग वर्ष संपेपर्यंत परातीतली मेथी, लाडू, शिरा. पोराच्या जातीला लाडूच आठवतो. बाईंनी तिची लाज वाचवली होती, आणि लाजेबरोबर भुकेची आठवणही धुऊन टाकली होती. आता सांगावं, असं ओठांवर आलं. "अश्विनी, तू पण..."

"मी पण काय, बाई?"

समोर उभ्या अश्विनीच्या गळ्यात सोन्याची पोत होती, मान ताठ होती. लंकाबाईनं हेच तर मागितलं होतं.

"तू पण येत जा अशी मधूनमधून," दयाबाई म्हणाल्या.

त्या रात्रीपासून बाईंना आपण चुकलो असं वाटत राहिलं. कुठं चुकलो ते मात्र सापडेना. शब्द देण्यात की पाळण्यात?

निरोपसमारंभ शाळेच्या हॉलमध्ये झाला. अश्विनीनंच सगळी धावपळ केली. स्टोअरमधून परात शोधून तिनं चिंचेनं घासून घेतली होती, पाणी भरून त्यात गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या होत्या आणि ती स्टेजच्या पुढं टेबलावर मांडली होती. भाषणात ती रडली. "बाईंनी आम्हाला एकत्र जेवायला शिकवलं," म्हणाली. टाळ्या पडल्या. बाई परातीतल्या पाकळ्यांकडं बघत होत्या. अन्नाच्या परातीत आता फुलं होती.

भाषणं लांबली होती. जेवणाची वेळ होऊन गेली होती आणि पोरांचे डबे हॉलमध्येच मागच्या भिंतीशी ओळीनं ठेवलेले होते. बाईंच्या हातात कॉर्डलेस माईक आला. काय बोलायचं ते त्यांनी घरी ठरवलं होतं, पण ते बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "सगळे डोळे मिटा. प्रार्थना करू."

हॉलमध्ये खसखस पिकली. जुन्या पोरांना मालगाडी आठवली. मग सगळ्यांनी डोळे मिटले.

बाईंनी पिकांसाठी मागितलं, गुरांसाठी मागितलं. मागता मागता त्या स्टेजवरून उतरल्या. सत्कारात मिळालेला लाडू-शंकरपाळ्यांचा बॉक्स काखेत घेतला आणि कडेकडेनं मागच्या भिंतीशी गेल्या. सृष्टीचा पोचा पडलेला डबा त्यांना माहीत होता. दवाखान्यात पडलेल्यांसाठी मागत त्यांनी तो उघडला. रिकामा होता. लाडू, शंकरपाळे, मावतील तेवढे भरले आणि झाकण लावलं. आज भरला. उद्या शाळा असेल आणि बाई नसतील.

परत येताना त्या पहिल्या रांगेजवळ थबकल्या. अश्विनी हात जोडून बसली होती. डोळे घट्ट मिटलेले, ओठ बाईंच्या मागोमाग हलत होते. तिसरीतही ती अशीच उभी राहायची. बाकीची पोरं एखादा डोळा किलकिला करून आत बघायची. हिनं कधीच बघितलं नाही.

डोळे मिटायला हिला मीच शिकवलं, बाईंच्या मनात आलं. माईकमधून सगळ्या हॉलला त्यांचा हुंदका ऐकू गेला. शाळा सुटते म्हणून बाई रडतात, असं लोकांना वाटलं, आणि पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावले. अश्विनी तशीच डोळे मिटून पुढच्या ओळीची वाट बघत होती.

पुढची ओळ बाईंना सुचली नाही. त्या आमेन म्हणाल्या आणि सगळ्यांनी डोळे उघडले.