पत्रा घासू नकोस, बाळू

नानांचा जीव पत्र्यानं घेतला.

अंगावर पडला नाही. छातीत गेला.

त्याला आता वर्ष झालं. वर्षश्राद्ध उद्या आहे, म्हणून सोलापूरला निघालेय.

नाना म्हणजे माझे वडील. जन्मभर चादरीच्या कारखान्यात माग चालवला. वर सिमेंटचे पत्रे. सोलापूरचं ऊन काय सांगायचं, आत नुसती भट्टी. म्हणून होळी झाली की कामगारच वर चढायचे. तारेच्या ब्रशनं पत्रा खरवडून घासायचा, मग चुना मारायचा.

नाना त्यात पटाईत. पांढरेफटक होऊन घरी यायचे आणि दारातूनच आईला म्हणायचे, "बग गं, तुजा नवरा म्हातारा झाला की!"

आम्ही पोट धरून हसायचो.

त्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस होतं. घासलं की त्याची बारीक धूळ छातीत जाऊन बसते आणि वर्षांनी फुफ्फुसं निकामी करते.

मी आज पुण्यात एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. ट्रेनिंगमध्ये घसा फोडून सांगते, असा पत्रा कोरडा घासायचा नाही, कापायचा नाही. वर काय आहे ते मालकानं कामगाराला आधी सांगायचं. त्याची छाती तपासत राहायची. ही मेहेरबानी नाही, कायद्यानं ड्यूटी आहे.

नानांना कुणीच काही सांगितलं नाही.

दम लागायला लागला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, विडी ओढता का? नाना म्हणाले, "सुपारीचं खांडबी न्हाय खाल्लं, सायेब."

शेवटी बसल्या जागी धापा लागायच्या. एकदा माझा हात धरून म्हणाले, "एवडी शिकलीस, कायतरी कर की."

मी नुसती पाठ चोळत राहिले.

मालकांच्या मुलाला जाऊन भेटले. माणूस वाईट नाही. चहा दिला. म्हणाला, "ताई, कारखाना कधीच मोडला. पत्रेपण कामगारांनाच वाटले. नाना तर लई खुशीत घेऊन गेले की."

खरं होतं. आमची पडवी त्याच पत्र्यांची आहे. नानांना तिचं केवढं कौतुक!

मघाशी बाळूचा फोन आला. माझा धाकटा भाऊ, घरी आईजवळ असतो.

"ताई, उद्या पावनं पडवीत बसणार. लई तापतंय. पत्रा घासून चुना मारतो."

"बाळू, हात लावू नकोस! मी मांडव सांगते."

"घासल्याबिगर चुना धरत न्हाय. नाना असंच करायचे की. तू येस्तोवर हुतंय बग."

त्याला कितीदा सांगितलं. त्याचं एकच, नानांना दमा होता.

आता तो फोन उचलत नाही. आईला लावला.

"वर चढलाय की. पांढराफटक झालाय. अगदी तुज्या बापावानी दिसतोय बग."

आई हसत होती.

बस आत्ता कुठे टेंभुर्णीच्या पुढे आलीय, सोलापूर अजून दीड-दोन तास.

बाळूचे मित्र कुणी ही पोस्ट वाचत असाल तर पळत घरी जा. उतरवा त्याला.

नाना, त्यानं आयुष्यात फक्त तुमचं ऐकलं. तुम्हीच सांगा त्याला.

तुमच्या लेकीचा नमस्कार.