बेचाळीस बुशांचा एक कागद

अकरा वर्षांनी मी पुन्हा नोकरीला लागले, ती पळस्पे फाट्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात. आधी मुलगी लहान होती, मग सासूबाईंचं आजारपण निघालं, त्यात माझं ड्रॉइंग मागे पडलं ते पडलंच. मुलाखतीत मालकांनी विचारलं, "कॅड येतं ना?" मनात आलं होतं 'यायचं', पण तोंडातून 'येतं' गेलं. मग पंधरा दिवस मुलगी शाळेत गेली की मी तिच्या कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढत हात बसवून घेतला.

कारखान्यात पंपांचे सुटे भाग बनायचे. त्यात सगळ्यात जास्त बनायचे ते गनमेटलचे, म्हणजे तांब्याच्या एका मिश्रधातूचे, बुश. बुश म्हणजे जाड नळीचा एक तुकडा, ज्याच्या आत पंपाचा दांडा फिरतो. प्रत्येक पंपाचा बुश वेगळ्या मापाचा आणि प्रत्येक मापाचा कागद वेगळा. असे बेचाळीस कागद होते. चित्र सगळ्यांवर तेच, फक्त आकडे वेगळे. एखादी सुधारणा करायची म्हटली की ती बेचाळीस ठिकाणी करावी लागे आणि हमखास कुठेतरी राहून जाई.

मालक म्हणाले, "हे सगळं एका कागदावर आणा."

मला असंच काम हवं होतं. चित्र एकदाच काढायचं, त्यावर मापांच्या जागी ए, बी, सी अशी अक्षरं टाकायची आणि खाली तक्ता करायचा. तक्त्यातली एकेक ओळ म्हणजे एकेक बुश. ए म्हणजे बाहेरचा व्यास, बी म्हणजे आतलं भोक, सी म्हणजे लांबी. मी तीन आठवडे त्यात बुडाले होते. करताना कळलं की दोन वेगळ्या बुशांना एकच नंबर पडलेला आहे. तेही निस्तरलं. तक्ता पूर्ण झाला तेव्हा मालकांनी तो सुपरवायझरला दाखवला आणि म्हणाले, "असं काम पाहिजे." त्या दिवशी घरी जाताना मी रिक्षात एकटीच हसत होते.

जुने बेचाळीस कागद तेलाने काळे झालेले होते, त्यांवर पेन्सिलीने काहीबाही खरडलेलं होतं. मी ते स्वतःच्या हाताने सुतळीने बांधले आणि रद्दीत दिले.

पुढच्याच महिन्यात एक लॉट वाया गेला.

लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापायच्या मशीनवर, जे काका होते ते जवळच्या कोन गावचे, साठीला टेकलेले. कारखाना सुरू झाल्यापासून तिथेच. कमी बोलायचे, पण मला 'मॅडम' न म्हणता 'बाय' म्हणायचे, ते मला आवडायचं. त्या दिवशी त्यांनी बनवलेल्या सगळ्या बुशांचं भोक तीन मिलिमीटरने मोठं झालं होतं. लहान राहिलं असतं तर पुन्हा कापता आलं असतं. मोठं झालेलं भोक लहान कसं करणार? सगळे बुश भंगारात.

सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडला, "इतकी वर्षं काम करून साधं माप वाचता येत नाही?"

काकांनी फडकं उचललं. खाली मान घालून मशीन पुसत राहिले.

मी कागद हातात घेऊन पाहिला. तक्त्यात दोन ओळी एकाखाली एक होत्या. दोन्हींत बाहेरचा व्यास तोच, लांबी तीच, फक्त भोक वेगळं. काकांनी खालच्या ओळीतलं भोक घेतलं होतं. आणि माझा तक्ता मोठ्या कागदासाठी होता. ऑफिसात कागद वाचवायला तो निम्म्या आकारात छापला होता. मुंगीएवढे आकडे, त्यातून बेचाळीस ओळी. एसीत बसून स्क्रीनवर मोठं करून पाहताना मला ते कधी जाणवलंच नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"काका, चूक माझी आहे. मी मालकांना सांगते."

"तुजी कशी, बाय? वाचला मी."

"ते वाचता येण्यासारखं नव्हतं."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "जुन्या कागदावर एकच बुश असायचा. चुकायला दुसरा नंबरच नाय. आन् माजा लिवलेला पन होता त्याच्यावर."

"काय लिहिलेलं?"

"कुठला बुश पातल हाय, तो चकात, मशीनच्या पकडीत, जास्त आवलायचा नाय. आवलला, की सोडल्यावर भोक गोल रहात नाय. कुठल्याला शेवटची काट एकदम बारीक घ्यायची. असा सगला."

ज्याला मी खरड समजले होते, ते हे होतं. मी त्यांना सांगितलं की कागद मी रद्दीत दिले. ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"जाऊ दे," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी मी पनवेलला रद्दीवाल्याकडे गेले. त्याने हात झाडले. माल केव्हाच पुढे गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. नोकरी जाईल असं वाटत होतं. मालक कागद उलटसुलट करत म्हणाले, "मग आता काय करायचं ते सांगा."

मी म्हटलं, "तक्ता कॉम्प्युटरमध्ये राहू दे. पण मशीनवर जाताना त्यातली एकच ओळ जाईल. त्या बुशाचं चित्र, त्याचेच आकडे, मोठ्या अक्षरांत. आणि तक्त्यात एक रकाना वाढवायचा, काकांच्या सूचनांचा. त्यासाठी मला रोज त्यांचा अर्धा तास हवा."

त्यांनी दिला. रोज जेवणानंतर आम्ही बसायचो. नंबर सांगितला की काकांना काहीच आठवत नसे. मग मी रॅकवरून तयार बुश आणून त्यांच्या हातात द्यायला लागले. ते तो बोटांवर फिरवायचे, कडेवरून अंगठा न्यायचे आणि सांगायचे, "ह्याला आतून धारदार कोपरा सोडायचा नाय, दांडा अडकतो." मी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचे. एका दुपारी बुश तसाच हातात धरून ते म्हणाले,

"बाय, एक सांगू? कुनाला बोलू नको. अर्दी चूक माजी पन हाय. ह्या डोल्यानं मना आता नीट दिसत नाय."

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. वर्षभर लपवून ठेवला होता. कळलं तर लेथवरून काढतील आणि पॅकिंगला बसवतील, ही भीती. ते वर्षभर नुसत्या हाताच्या अंदाजावर आणि त्या ओळखीच्या कागदांवर त्यांचं निभत होतं. माझ्या तक्त्याने तेवढाही आधार काढून घेतला.

"मालकांना सांगूया. मी येते बरोबर."

चार दिवस ते नाहीच म्हणत राहिले. पाचव्या दिवशी स्वतःच माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चल." आत गेल्यावर त्यांनी मलाच पुढे केलं, म्हणून मीच बोलले. मालकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ऑपरेशन कधी करताय? तुमचं मशीन दुसऱ्या कुणाला देत नाही मी."

महिन्याभरात पनवेललाच ऑपरेशन झालं. मी त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा काळा चष्मा लावून ओटीवर बसले होते आणि सूनबाईला सांगत होते, "हीच ती ड्रॉइंगवाली बाय." सूनबाईने चहा दिला, वर घरच्या शेवग्याच्या चार शेंगा पिशवीत घातल्या.

सुपरवायझरने त्यांची माफी कधी मागितली नाही. पण काका परत आले त्या सकाळी नव्या कामाचा कागद त्याने स्वतः नेऊन मशीनवर लावला आणि म्हणाला, "दिसतंय ना, काका?"

काकांनी कागद वाचला. मग हात पुसून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तो मोठा तक्ता दाखव बघू." मी स्क्रीनवर उघडला. ते वाकले आणि एकेक ओळीवरून बोट नेत, सावकाश खाली येत गेले. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"ह्याची लांबी चुकलीय. हा एवडा लांब नसतोच."

मी रॅकवरून बुश आणून मोजला. खरोखरच चुकली होती. आकडा टाकताना माझ्याच हातून झालेलं होतं आणि इतक्या दिवसांत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. काका तेवढं सांगून मशीनकडे निघालेही होते. मी त्यांना थांबवलं, दुसरी खुर्ची ओढून घेतली आणि म्हटलं, "बसा. उरलेल्या ओळी पण आत्ताच बघून टाकूया."