पटाच्या बैलांनी शिकवलेली पीटी

चौथ्या फेरीला कमल मैदानात बसली आणि नडग्या दाबत रडू लागली. माझ्या हातातलं स्टॉपवॉच चालूच होतं. तालुक्याच्या क्रीडास्पर्धा महिन्यावर आल्या होत्या.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तळेगावजवळच्या एका हायस्कूलमध्ये मी पीटीचा मास्तर होतो. नववीतली कमल आठशे मीटर पळायची. तिच्या वडिलांनी, विठोबाजींनी, मला सांगून टाकलं होतं, "नंबर आला तं दहावीत धाडतो. नाई तं कापूस येचाले आहेच." म्हणून मी तिला मुरमाच्या टणक मैदानावर रोज पळवत होतो. वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढत चालली होती.

विठोबाजींना शंकरपटाचा भारी नाद. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. निकाल सेकंदांवर लागतो. कमल मैदानात रडली त्याच संध्याकाळी ते बैलांसाठी माझं स्टॉपवॉच मागायला आले. मी कमलच्या पायांचं सांगितलं.

"रोज पळवता?"

"रोज."

"बैलाले आमी आठ दिवसांतून एकडाव पळवतो, सर. बाकी दिवस नदीच्या रेतीत चालवतो, डोहात पोहवतो. रोज पळवला तं पटाच्या दिवशी उभाच राहीन."

मला लाज वाटली. बी.पी.एड. मी केलं होतं, त्यांनी नव्हे.

कमलला आठवडाभर बसवून ठेवलं. मग विठोबाजींच्या बैलांमागे तिला रेतीत, कमरेएवढ्या पाण्यात चालवू लागलो. दोन दिवसांत पीटीच्या तासाला अख्खा वर्गच सोबत नदीवर येऊ लागला. घड्याळ लावून पळणं आठवड्यातून एकदाच.

हेडमास्तर भडकले. "पोरी बैलांमागं काऊन फिरून राह्यल्या? पीटीचा तास आहे की चराई?"

"स्पर्धा होऊ द्या, सर. नंबर नाही आला तर पुन्हा कवायत."

स्पर्धेत कमल दुसरी आली. पाय दुखला नाही. मी खूश. विठोबाजी मान हलवत म्हणाले,

"नंबर म्हंजे पयला, सर."

माझं डोकंच फिरलं. "मागच्या पटात तुमची जोडी दुसरी आली होती. विकली?"

"काऊन इकू? या साली पयली येईन."

बोलून गेले आणि पोरीकडे बघत राहिले. जूनमध्ये कमल दहावीच्या वर्गात बसली होती.

नदीचा तास टाइमटेबलात कधी आला नाही. पळणाऱ्याला विश्रांती लागते, हे बी.पी.एड.च्या पुस्तकातही होतं. ते पान मी परीक्षेपुरतं वाचलं होतं.