पारायणातून उठवलं त्या दिवशी

देवाच्या कृपेबद्दल लिहायला बसले आहे, पण आधी राग लिहिते. तो गिळून लिहिलं तर सगळंच खोटं होईल.

माझ्या डाव्या स्तनातली गाठ काढून, कीमो आणि रेडिएशन उरकून मी बिबवेवाडीतल्या आमच्या घरी परतले, तेव्हा घरादारानं सुटकेचा निःश्वास टाकला. डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली, काही वर्षं न चुकता घ्यायची. माझा कॅन्सर बायकांच्या शरीरातल्या हार्मोनवर पोसला जाणारा होता आणि गोळीनं त्याची रसद तुटणार होती. एवढंही मला कळलं ते बाहेर बाकावर बसलेल्या दुसऱ्या एका पेशंटकडून. अशा गोळ्या किती प्रकारच्या असतात, मला हीच का, असं मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, तुम्ही एवढा विचार करू नका, आनंदी राहा. त्या आनंदाच्या सल्ल्याची फीसुद्धा भरून आलो.

त्याच भेटीत आणखी एक प्रश्न झाला होता. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "पाळी?" आणि मी तोंड उघडायच्या आत आमचे हे म्हणाले, "बंद झाली." पंचेचाळिशीची बाई समोर बसलेली, पाळी तिची, आणि उत्तर नवऱ्याचं. डॉक्टरांनी ते उतरवून घेतलं. कधी बंद झाली, आपणहून की कीमोमुळे, हे त्यांनी ह्यांनाही विचारलं नाही आणि मलाही नाही.

पाळी थांबल्याचा खरा आनंद आमच्या सासूबाईंना झाला. त्या मनानं वाईट नाहीत. माझ्या आजारपणात डबे त्यांनीच पोचवले, डोक्यावरचे केस गेले तेव्हा स्वतःचा मऊ सुती पदर फाडून मला बांधायला दिला. पण आमच्या घरात चार दिवस देवघराकडे फिरकायचं नाही, हा नियम त्यांनी आयुष्यभर पाळला आणि पाळायला लावला. त्या म्हणाल्या, एवढ्या त्रासातून देवानं निदान ही एक सोय केली, आता तू खंड न पडता पारायणाला बसू शकशील. मलाही ते बरं वाटलं. दत्तावर माझी श्रद्धा आहे. कीमोची सुई टोचताना मी त्याचंच नाव घेत होते आणि तो जवळ होता असंच मला आजही वाटतं.

गोळी सुरू झाली आणि सकाळी उठताना बोटं आखडायला लागली, गुडघे धरायला लागले. मी निमूट सोसलं, औषध काम करतंय असं समजून. हिवाळ्यात आमच्या जवळच्या मंदिरात बायकांचं सप्ताहाचं पारायण ठरलं आणि मी संकल्प सोडून बसले. हे आजारपण पुन्हा येऊ नये, एवढंच मागणं होतं. सप्ताह निम्म्यावर आला होता, आणि वाचता वाचता मला कळलं की पाळी आली आहे.

मी शेजारी बसलेल्या सासूबाईंच्या कानात सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मंडळाच्या प्रमुख काकूंना सांगितलं, आणि काकूंनी हळू आवाजात, पण चार जणींना ऐकू जाईल अशा बेतानं, मला उठायला सांगितलं. माझी पोथी दुसरीनं दोन बोटांनी उचलली. मी ज्या आसनावर बसले होते ते गुंडाळून बाजूला टाकलं. मला मागच्या दारी, चपलांच्या रॅकशेजारी पायरीवर बसवलं. विषाच्या बाटल्या शिरेतून घेऊन जगलेली बाई मी, आणि माझ्यामुळे देव बाटणार होता.

तिथे बसून मी रडले आणि दत्ताशी भांडले. एवढं सगळं सोसून तुझ्या दारात आले, आणि तू मला अध्याय अर्धा टाकून उठवलंस? माझ्या मागण्याचं काय करू आता? एवढा राग मला कॅन्सर कळला तेव्हाही आला नव्हता. तुझ्याकडे पुन्हा काही मागणार नाही, असंही मी त्याला सांगून टाकलं.

तेवढ्यात जीन्स घातलेली एक बाई आपल्या आईला दर्शनाला घेऊन आली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. चप्पल काढता काढता ती माझ्या डोक्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "हे कुरळे केस कीमोनंतरचे ना? माझेही असेच उगवले होते." ती हडपसरला राहणारी, कंपनीत नोकरी करणारी, आणि माझ्याच आजारातून गेलेली निघाली. मी बाहेर का बसले आहे, हे तिनं विचारलं, मी सांगितलं. माझ्या विटाळाकडे तिनं लक्षच दिलं नाही. गोळी कुठली चालू आहे, असं तिनं विचारलं. मी पर्समधली पट्टी काढून दाखवली. तिनं नाव वाचलं आणि ती तिथेच, माझ्याशेजारी, पायरीवर टेकली.

"ताई, ही गोळी चालू असताना पाळी यायला नको. उद्याच्या उद्या डॉक्टर गाठा, आणि स्वतः बोला."

एवढं सांगून तिनं माझा हात दाबला आणि आईला हाक मारत आत गेली. नाव विचारायचं राहिलं. नंतर मंदिरात चौकशी केली, पण कुणाला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी हॉस्पिटलात गेले. डॉक्टर म्हणाले, हो का, मग गोळी बदलावी लागेल. चहात साखर कमी पडल्यासारखं म्हणाले. मी विचारलं, हे आधी का नाही विचारलंत? तर म्हणाले, "तुमच्या मिस्टरांनीच सांगितलं होतं बंद म्हणून." मी फाइल उचलली आणि बाहेर पडले.

कर्वेनगरच्या एका डॉक्टरबाईंनी मग मला नीट बसवून समजावलं. एका प्रकारची गोळी हार्मोनला कॅन्सरच्या पेशीत शिरू देत नाही, ती पाळी चालू असलेल्या बाईलाही चालते. दुसरी, म्हणजे माझी चालू होती ती, शरीरात हार्मोन बनणंच कमी करते, पण बीजकोश जागे असतील तर तिचा उपयोग होत नाही, कारण ते आपले बनवतच राहतात. कीमोनं माझे बीजकोश फक्त झोपवले होते. रक्त तपासलं, ते जागे झाले होते. म्हणजे कितीतरी दिवस मी सांधे दुखवून घेत होते आणि आजाराची रसद चालूच होती. पुढे दोन वाटा होत्या: इंजेक्शननं बीजकोश झोपवून तीच गोळी चालू ठेवायची, नाहीतर पहिल्या प्रकारची गोळी घ्यायची. दोन्हींचे त्रास त्यांनी सांगितले, एकीत हाडांची झीज, दुसरीत रक्ताच्या गुठळ्यांचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा धोका. माझी हाडं आधीच विरळ निघाली, म्हणून आम्ही दोघींनी मिळून पहिल्या प्रकारची गोळी ठरवली. पाळी येत राहील, वेडीवाकडी आली तर लगेच या, असं त्यांनी बजावलं. ह्यांना मी सोबत नेलं होतं. ते मान खाली घालून ऐकत होते.

माझं मागणं पारायण पुरं व्हायच्या आधीच ऐकलं गेलं, असं मी मानते. कुणी योगायोग म्हणावं, माझी हरकत नाही. शरण जाणं म्हणजे प्रश्न न विचारणं, असं मला सगळ्यांनी शिकवलं होतं, डॉक्टरांनी आणि मंडळानंही. तसं नसतं. विचारायचं ते सगळं विचारून घ्यावं, आणि मग जे आपल्या हातात उरत नाही ते त्याच्या पायाशी ठेवावं. माझ्या हातात न उरणारं अजून पुष्कळ आहे, भीतीही आहे.

पुढच्या महिन्यात पाळी आली, तेव्हा मी आंघोळ करून देवघरात गेले आणि समई लावायला घेतली. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, देवाला चालेल का?"

"आई," मी म्हटलं, "त्यानंच तर पाठवली होती."

त्या आत आल्या आणि माझ्याशेजारी पाट मांडून बसल्या.