मावशीला पलीकडे नेणारी रांगोळी

चारचाकी गाडीचा पाणउतारा करण्यात आमच्या मावशीच्या यजमानांचा, म्हणजे काकांचा, हात धरणारा माणूस अख्ख्या नगरात सापडायचा नाही. शहराला नवं नाव मिळालं तेव्हाही काकांनी गाडीलाच धारेवर धरलं. "ज्या माउलीचं नाव शहराला दिलंत, तिनं वाटसरूंसाठी विहिरी बांधल्या, धर्मशाळा बांधल्या. आणि इथं वाटसरूला पाय ठेवायला जागा आहे का?"

काका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. निवृत्त झाल्यावर पाठकोऱ्या लग्नपत्रिकांवर ते नगरचे रस्ते काढत बसायचे. त्यांतले पदपथ असे ऐसपैस की वर जेवणाची पंगत उठावी, दुतर्फा कडुनिंब, सायकलींना वेगळी वाट आणि मोटारी मात्र कुठंतरी कोपऱ्यात मुंगीएवढ्या. "काका, मोटारी फारच बारक्या झाल्यात," म्हटलं की म्हणायचे, "लायकीप्रमाणं काढल्यात." एकदा मी पुण्याहून गाडी घेऊन आले होते. मावशीनं कोथिंबीर आणायला सांगितली म्हणून मी किल्ली उचलली, तर हे खुर्चीतून ताडकन उठले. "कोथिंबीर आजारी आहे का गं, गाडीतून आणायला?" गेले बाई मी मुकाट्यानं चालत! परतले तेव्हा घामानं निथळत होते आणि काका दारात लिंबू सरबत घेऊन उभे होते.

एकदा तर त्यांनी कहरच केला. घरासमोर रस्त्याकडेला रोज कुणी ना कुणी गाडी लावून जायचं. एका रविवारी काकांनी त्या जागेवर सतरंजी अंथरली आणि भजनी मंडळच आणून बसवलं. "एका गाडीच्या जागेत अख्खं मंडळ मावतं, बघा!" मागं हॉर्न सुरू झाले, तेव्हा टाळ थांबवून ओरडले, "अहो, वाजवताच आहात तर ठेक्यात तरी वाजवा!" मावशी खिडकीत उभी राहून कपाळावर हात मारून घेत होती.

पण या साऱ्या वेडाचं मूळ म्हणजे मावशीच. रस्त्याच्या पलीकडे मिशन शाळेतल्या एक निवृत्त टीचर राहायच्या. दोघींची दुपारच्या चहाची मैत्री माझ्या जन्माआधीची. तेव्हा त्या रस्त्यावर सायकली असायच्या, क्वचित एखादा टांगा. मावशी पदराखाली वाटी झाकून सहज पलीकडे जायची. दिवाळीत इकडून चिवडा जायचा, नाताळात तिकडून केक यायचा. काय दिवस होते ते! मग रस्ता रुंद झाला, गाड्या सुसाट सुटल्या आणि नेमके तेव्हाच दोघींचे गुडघे गेले. दोघी आपापल्या फाटकात उभ्या राहून हात हलवायच्या आणि आत जायच्या. काकांना ते बघवायचं नाही. अर्जांवर अर्ज करून त्यांनी तिथं पांढरे पट्टे मारून घेतले, पण पट्ट्यांना विचारतो कोण? दोघींचा चहा बंद तो बंदच राहिला.

एका दिवाळीच्या पाडव्याला मी तिथंच होते. उजाडताच काका रांगोळीचा डबा आणि हळदकुंकू घेऊन रस्त्यात बसले आणि त्या पुसट पट्ट्यांवर रांगोळी भरायला लागले. मी दोन्ही अंगांना खुर्च्या आडव्या लावून, देवाचा धावा करत पहारा देत होते. काम संपलं, खुर्च्या काढल्या आणि नवल झालं. रोज पट्ट्यांवरून बिनदिक्कत जाणारी माणसं रांगोळीपाशी कचाकच ब्रेक दाबू लागली. शिर्डीला झेंडू घेऊन निघालेला टेम्पोवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "बाबा, हळदकुंकू वाहिलेलं हाय. वरनं चाक घालवंना. काय हाय हे?"

"देवी पलीकडं चाललीय. जरा थांब."

"थांबतो की! सणाचं कसली घाई!"

आणि आमची देवी निघाली. नवी साडी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात चिवड्याचा डबा. मागं गाड्यांची रांग लागली, पण एकानंही हॉर्न वाजवला नाही. पलीकडे टीचर फाटक धरून उभ्या होत्या. दोघींनी मिठी मारली आणि लहान पोरींसारख्या रडल्या. काका भर रस्त्यात उभे राहून रांगोळीच्या हातांनी डोळे पुसत होते, सगळा चेहरा पांढराफटक! हसावं की रडावं मला कळेना, शेवटी मीही रडलेच.

दुपारपर्यंत रांगोळी उडून गेली. रोज भरायचा काकांचा बेत होता, पण कंबर ऐकेना. अर्ज मात्र चालूच राहिले आणि अखेर तिथं सिग्नल बसला. पण तोवर टीचर कायमच्या मुलाकडे नाशिकला गेल्या होत्या.

मध्यंतरी मी नगरला गेले तेव्हा काका मला आणि मावशीला सिग्नल दाखवायला घेऊन गेले. दिवा बदलला, गाड्या थांबल्या. "चल," काका मावशीला म्हणाले.

"आता पलीकडं आहे कोण?" मावशी म्हणाली.

काकांनी तिचा हात धरला आणि आम्ही तिघं हळूहळू पलीकडे गेलो. टीचरांच्या फाटकाला कुलूप होतं. मावशी त्याला टेकून उभी राहिली, वळून बराच वेळ आपल्या घराकडे बघत राहिली आणि म्हणाली,

"अहो, इथनं मी तिला किती लांब दिसत असेन."