काळ्या काचेतला चेहरा

हणमंतराव निपाणीकडचे. यशवंतपूरजवळच्या एका संशोधन संस्थेत माकडांना खाऊ घालायचं आणि पिंजरे धुवायचे, हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं. एवढ्या वर्षांत कुणाला नावं ठेवायला जागा दिली नाही.

१९९६ साली पुण्याहून सुचेताबाई आल्या. माकड दुसऱ्याचा चेहरा ओळखतं तेव्हा मेंदूत काय होतं, ते त्या शोधत होत्या. रंगा नावाच्या माकडापुढं पडद्यावर चित्रं यायची. चेहरा दिसला की त्याच्या मेंदूतली एक पेशी जागी व्हायची आणि यंत्र टकटक करायचं.

एकदा पडदा बंद असतानाच टकटक झाली. आठवड्यात आणखी दोनदा. तिन्ही वेळा पाळी हणमंतरावांची.

"चाचणीच्या वेळी रंगाला केळी दाखवता का?" बाईंनी विचारलं. "पुन्हा असं नको."

"सरी," हणमंतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत कळलं, त्यांना काढून टाकावं असा बाईंचा अर्ज आलाय, गुन्हा कबूल असल्याच्या शेऱ्यासकट. ते तडक बाईंकडं गेले.

"मी कबूल कवा केलं?"

"तुम्हीच सॉरी म्हणालात."

"सरी म्हणालो, बाई! कानडीत म्हणजे बरं. हितं भाजीवाली दिवसातनं शंभरदा म्हणती. ती काय माफी मागती व्हय?"

बाई ओशाळल्या, पण संशय हटेना. "मग तुमच्याच पाळीला का?"

"उभा करून बघा की. रोजच्यासारखा दाराशी, रिकाम्या हातानं."

"रोज? दाराशी कशाला?"

"तुमच्यावर नजर ठेवाय. त्याच्या डोक्यात तार घातलीसा. बाटलीनं दूध पाजून वाढवलंय मी त्याला."

बाईंनी पडदा बंद केला. हणमंतराव दाराच्या काचेबाहेर उभे राहिले. टकटक सुरू. बाजूला झाले, शांत. परत आले, पुन्हा टकटक. बाई रंगाशेजारी वाकल्या. पडद्याच्या काळ्या काचेत हणमंतरावांचा मिशाळ चेहरा दिसत होता.

"तुम्हाला बघतोय तो!" बाई हरखल्या.

हणमंतराव हरखले नाहीत. "अर्जाचं काय?"

"मागं घेते."

"तसं लिहून द्या. आत्ताच."

बाईंनी लिहून दिलं आणि पडद्यात पुन्हा चेहरा उमटू नये म्हणून दाराच्या काचेवर जाड कागद डकवला. दुसऱ्या दिवशी हणमंतराव खुर्ची घेऊन आत आले, रंगाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसले आणि चाचणी संपेपर्यंत बाईंच्या हातांवरून नजर हलवली नाही.