दोर आधी पडला होता

ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांच्यापैकी कुणालाच मी हे सांगितलेलं नाही. धनंजयला नाही, रेश्माला नाही, आणि वैशालीला तर नाहीच. तुम्ही यातल्या कुणाला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय. हेही लपवत नाही.

गोष्ट एका खेळातली आहे. टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायच्या खेळातली. हसू आलं तर येऊ द्या. यात हसण्यापलीकडे काही नाही असं मीही स्वतःला बराच काळ सांगत होतो.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी बरीच वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर काढली. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायचं, आणि अवतरणचिन्हांत जे छापायचंय ते तो माणूस खरंच बोलला का, हे विचारायचं. एका शिकाऊ वार्ताहरानं कुणाच्या तरी तोंडी न बोललेलं वाक्य घातलं होतं. बिनमहत्त्वाचं वाक्य — सत्काराच्या बातमीतलं. मी त्याला सगळ्यांदेखत उभं करून बोललो. तो रडला, तरी मी थांबलो नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो. पुढे लागेल.

आमची आवृत्ती बंद झाली, तेव्हा मी पुणं सोडून कोळवणला आलो. एका शेतकऱ्यानं रस्त्याकडेला नवं घर बांधलं होतं, त्यातल्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मागं भातखाचरं, पुढं एसटीचा थांबा. घरी बसून इतरांची पुस्तकं तपासायचं काम मिळत होतं. शेवटचा शब्द मात्र आता माझा नव्हता. तो दुसऱ्या कुणाचा तरी असायचा.

धनंजय माझा जुना मित्र. हिंजवडीला नोकरी, कोळवणमध्ये फार्महाउस. शनिवारी दुपारी तो आणि त्याची बायको रेश्मा यायचे, आणि आम्ही त्यांच्या पडवीत खेळायचो. एक जण गोष्ट चालवतो, त्याला आम्ही मास्टर म्हणायचो. तो मी. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं — कुणी जादूगार, कुणी चोर. जंगल, राक्षस, शाप हे सगळं मास्टर बोलून उभं करतो, आणि लढाई आली की एकेकाची टर्न येते. कुणाचं आधी, कुणाचं नंतर, हे ठरवायला नियमांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक असतं. ते माझ्याकडे होतं. एकच.

धनंजय नियमांवरून तासन्‌तास वाद घालायचा, म्हणून मी डेस्कवरची पद्धत टेबलावर आणली. फोन सगळ्यांनी वेताच्या पाटीत टाकायचे. चालू खेळात पुस्तक फक्त मास्टरनं उघडायचं. त्यानं वाचून मराठीत सांगितलं की विषय संपला. सगळ्यांना ते पटलं. नंतर कुणी जाऊन पडताळून बघायचं, असं कुणाच्या मनातही आलं नाही. का येईल? मी सांगत होतो ना.

वैशाली आमच्यात रेश्मामुळे आली. रेश्मा दातांची डॉक्टर. मुलांचे दात तपासायला ती एका शाळेत गेली होती, तिथं वैशाली गणित शिकवायची. जवळच्याच मुठा गावची मुलगी, स्कूटीवर यायची. शाळेत स्वच्छ प्रमाण मराठी बोलणारी वैशाली आमच्यात रमली की घरचं बोलायची. तिचं पात्र होतं भिवा नावाचा नावाडी. तलवार नाही, मंत्र नाही. कमरेला फक्त दोर.

धनंजय तिला छळायचा. "अगं, राक्षस म्हणजे काय म्हैस आहे का, दाव्यानं बांधायला?"

"म्हसच बरी की, दादा. तुमच्या जादूगारागत नुस्ती बडबड तरी न्हाई करत."

तिची टर्न आली की ती बहुतेक वेळा एकच वाक्य म्हणायची — "मी थांबते." खेळात तशी सोय आहे. आपल्या टर्नला काही न करता थांबायचं, पण थांबताना सांगून ठेवायचं की अमुक घडायला लागलं की मी तमुक करणार. मग ते घडायला लागलं की समोरच्याला मध्येच अडवून आधी थांबलेल्याचं होतं, उरलेलं त्यानंतर. त्यासाठीच तर त्यानं आपली टर्न सोडलेली असते. पुस्तकात हे एका परिच्छेदात आहे. तलवार असो वा मंत्र, थांबलेल्याचं आधी — इतकं उघड. दोन अर्थ निघत नाहीत.

इतकं थांबून राहणारा खेळाडू मी दुसरा पाहिला नाही. इतर पुढं धावायचे, भिवा काठावर उभा. कधी कुणी दरीत घसरला, कधी कुणाच्या पायाखालचा पूल गेला, की तिचा हात टेबलावर आपटायचा — "दोर!" हे तिला इतकं का लागतं, असं मी कधी विचारलं नाही.

त्या मोसमाची गोष्ट मी कित्येक महिने रचली होती. शेवटाला एक डोह, आणि डोहाचा धनी. तो हात वर करून मंत्र म्हणतो आणि काठावरच्या माणसाला पाण्यात ओढून घेतो. कुणीतरी बुडणार, मग इतर सगळे त्याला शोधत पाण्याखालच्या राज्यात उतरणार. त्या राज्याचे नकाशे मी काढले होते. तिथल्या लोकांची नावंसुद्धा.

त्या शनिवारी काठावर रेश्माचं पात्र होतं, चंद्रा नावाची चोर. डोहाच्या धन्याची टर्न येण्याआधी वैशालीची आली.

"भिवा थांबतो," ती म्हणाली. "त्याचा हात वर गेला की चंद्राला दोर."

मी म्हणालो, धन्याचा हात वर जातो.

"दोर!" तिनं फासे टाकले. हवं होतं त्याहून चांगलं दान पडलं. रेश्मा ओरडलीच. धनंजय खुर्ची मागं ढकलून उठला आणि टाळ्या पिटत म्हणाला, "गेली! मास्तरांची स्टोरी गेली डोहात!"

सगळे हसले. वैशाली सगळ्यांत जास्त. मी तिला तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं.

मी म्हणालो, "थांबा. मंत्राचं वेगळं असतं."

"बघा की मग पुस्तकात, दादा," वैशाली म्हणाली. तिच्या आवाजात शंका नव्हती. पुस्तकात बघायचं, एवढंच.

मी पुस्तक उघडलं. पान सापडायला वेळ लागला नाही. तो परिच्छेद समोर होता, त्यातली मंत्राबद्दलची ओळही. ती मी मनात पूर्ण वाचली. मग मोठ्यानं वाचून दाखवलं — "मंत्र चालू असेल, तर आधी मंत्राचा परिणाम. थांबलेल्याची टर्न त्यानंतर."

असं वाक्य त्या पानावर नाही. त्या पुस्तकात कुठेही नाही. ते मी तिथल्या तिथे, छापील ओळींवरून बोट फिरवत, न अडखळता तयार केलं. आवाज बदलला नाही. मला वाटलं होतं, निदान आवाज बदलेल.

वर मी ते रंगवूनही सांगितलं. चंद्रा ओढली गेली. मग दोर येऊन पाण्यावर पडला, आणि पाणी तोवर शांत झालं होतं. हे वाक्य मला त्या वेळी आवडलं होतं.

रेश्मा "अरे देवा" म्हणून हसली. धनंजयनं हात जोडले. वैशालीनं फासे गोळा केले आणि ते मुठीतच धरून बसली.

"म्हंजी मला उशीर झाला," ती म्हणाली.

"अगं, खेळ आहे," रेश्मा म्हणाली.

का केलं? नकाशे फुकट गेले असते म्हणून. धनंजय हसला म्हणून. आयुष्यात दुसरीकडे कुठंच आता माझा शेवटचा शब्द उरला नव्हता म्हणून. ही कारणं खरी आहेत. त्यांनी काही कमी होत नाही, फक्त माहिती पुरी होते.

पण खरं सांगायचं ते हे नाही. इथपर्यंतचं मी बहुधा केव्हातरी सांगूनही टाकलं असतं — एखाद्या जेवणात, किस्सा म्हणून.

त्यानंतर वैशाली दोन-तीन शनिवार आली नाही. मग एका रविवारी सकाळी माझ्या खोलीवर आली. घरचा आंबेमोहर आणला होता, पिशवी दाराशी ठेवली आणि पायरीवरच बसली. आत ये म्हटलं तर नको म्हणाली. रस्त्याकडे बघत बोलायला लागली.

तिला धाकटा भाऊ होता, नीलेश. ती बारावीत असताना दोघं धरणाच्या पाण्याकडे म्हशी घेऊन गेले होते. तो पोहायला उतरला. बुडाल्याचं सोंग करायची त्याला खोड — हात वर करायचा, आत जायचा, लांब जाऊन वर यायचा आणि हसायचा. त्या दिवशीही हात वर केला. तिच्या हातात म्हशीचं दावं होतं. "टाकलं असतं तर हसला असता मला," ती म्हणाली. "म्हणून थांबले. म्हटलं, परत हात वर केला की टाकते."

तिनं पुढचं सांगितलं नाही.

मग म्हणाली, "भिवा त्याच्यासाठीच केला मी. म्हटलं, ह्यो तरी येळेवर टाकंल." थोडं हसली. "खुळ्यावानी वाटतंय ना? पण त्या दिवसापासनं झोप लागंना. म्हणून विचाराय आले. खरं सांगा, दादा — नियमानं बघितलं तर मला उशीरच झाला होता का?"

पुस्तक माझ्या पाठीमागे, खिडकीतल्या फळीवर होतं. ती वळली असती तर तिला दिसलं असतं. मी नुसतं मागं हात नेला असता, पान उघडलं असतं, तिच्या हातात दिलं असतं. एवढंच करायचं होतं. टेबलावरच्या दुपारी मला काही ठाऊक नव्हतं — पण आता? आता काय उरलं होतं, जे मला ठाऊक नव्हतं?

मी म्हणालो, "हो. नियमाप्रमाणे, हो."

तिनं मान हलवली. "बरं. मग बरोबर हाय," म्हणाली, आणि चपला घालून गेली. तांदळाची पिशवी दाराशी राहिली. तो तांदूळ मी शिजवून खाल्ला. टाकून देता आला नाही, आणि परत द्यायचा तर काय म्हणून द्यायचा?

वैशाली पुन्हा खेळायला आली नाही. चौथं माणूस नाही म्हणून शनिवार विरत गेले. पाण्याखालच्या राज्यात कुणी उतरलंच नाही. धनंजयनं फार्महाउस भाड्यानं द्यायला काढलं. पडवीत आता अनोळखी माणसं गाणी लावतात.

मी कोळवणमध्येच आहे. माझ्या दारासमोर एसटीचा थांबा आहे, हे वर सांगितलंय. लोक गाडीला हात करतात. कधी गाडी भरलेली असते, ड्रायव्हर न थांबता जातो, आणि माणसाचा हात थोडा वेळ तसाच वर राहतो. मी काम करायचं टेबल मागच्या भिंतीशी हलवलं. फरक पडला नाही. ब्रेक लागल्याचा आवाज येतो किंवा येत नाही, आणि दोन्हीच्या आधी मला ऐकू येतं — "मी थांबते."

यंदा दिवाळीनंतर तिचा फोन आला. मुठ्यात, त्यांच्या वस्तीतल्या विहारात, रविवारी मुलांना जमवून ती तोच खेळ शिकवणार होती. "गणिताला लई उपयोगी पडंल, फाशांमुळं," म्हणाली. पुस्तक मिळेल का, असं विचारत होती.

हरवलं म्हणता आलं असतं. तसं म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण बोललो, "घेऊन जा." यात धैर्य नव्हतं. त्या वेळी खोटं सुचलं नाही, एवढंच. ती आली, पुस्तक घेऊन गेली. ते पान आता तिच्या घरी होतं. मी फोनची वाट बघत राहिलो. फोन आला तो महिन्याभरानं — मुलं छान खेळतायत, बघायला या.

गेलो. विहारात सतरंजीवर मुलं गोल करून बसली होती, मधे फरशीवर खडूनं नदी काढलेली. वैशाली मास्टर. पुस्तक तिच्या मांडीशी मिटलेलं. मी दाराजवळ खुर्ची घेतली. एका मुलीनं थांबून टर्न राखली होती. चेटकिणीनं मंत्र म्हणायला सुरुवात केली, तशी मुलगी ओरडली, "आता माझं!"

शेजारचा मुलगा म्हणाला, "न्हाई मॅडम, मंत्र आधी! तिला उशीर झाला."

वैशालीनं पुस्तक उघडलं नाही. "न्हाई," ती म्हणाली. "थांबलेल्याचं आधी. मंत्र असला तरी. पुस्तकात हाय."

मुलीनं फासे टाकले. मुलं त्यावर वाकली, आणि वैशालीनं मान वर केली. ती माझ्याकडे बघत होती की माझ्यामागच्या दाराकडे, हे मला सांगता येणार नाही. मी तेव्हा फाशांकडे बघत होतो.

खेळ संपल्यावर ती जवळ आली. मी चुकीचं वाचलं असं तिला वाटतं, की मी काय केलं ते तिला कळलंय — हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. विचारायची वेळ ती होती. सांगायची वेळही तीच होती. विहार रिकामा होत होता, मुलं चपला शोधत होती.

"चा घेणार ना, दादा?" ती म्हणाली.

मी हो म्हणालो. तिनं चहा आणला, मी प्यालो. थंडी, शाळा, मुलांची परीक्षा यांवर बोललो. पुस्तक अजून काही दिवस राहू द्या म्हणाली. राहू दे म्हटलं. मग मी एसटीनं परत आलो.

डेस्कवर शिकवत असत, दुरुस्ती साध्या वाक्यांत छापावी. त्या शनिवारी दोर आधी पडला होता. चंद्रा वाचली होती. वैशालीला उशीर झाला नव्हता. तिनं मला विचारलं होतं, आणि मला उत्तर माहीत होतं.